त्याला मार्क नाहीत

परवा रविवारी दुपारी भाची आली ती स्टेथोस्कोप गळ्यात अडकवूनच. चहा-बिहा काही नाही. "मावशी, दिवाणावर आडवी हो. तू पेशंट, मी डॉक्टर, आठ मिनिटं." फायनल एमबीबीएसची लेखी संपलीये, प्रॅक्टिकल पंधरा दिवसांवर आहे, त्यामुळे सध्या घरात जो आडवा दिसेल त्याचं पोट तपासलं जातंय.

मी आडवी झाले. तिने रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेच्या सुरात सुरू केलं, "नमस्कार, मी फायनल इयरची विद्यार्थिनी, मी आपल्याला तपासणार आहे, आपली परवानगी आहे का, मी हात धुते आहे." हात धुतले नव्हते, नुसते हवेत चोळले. मी म्हटलं, पोटात दुखतंय गं चार दिवस. त्यावर ती म्हणते, "मला आपल्या त्रासाबद्दल ऐकून वाईट वाटलं."

मी हसत सुटले. ती चिडली. उशीवर एक कागद ठेवला होता, तो नाचवत म्हणाली, "हसू नकोस, याला मार्क आहेत!"

कागद पाहिला. स्वतःची ओळख करून देणे, अर्धा मार्क. परवानगी घेणे, अर्धा. हात धुणे, अर्धा. पेशंटच्या उजव्या बाजूला उभं राहणे, अर्धा. सहानुभूती दाखवणे, एक. ही ओस्की. वेगवेगळ्या टेबलांवर ठरावीक मिनिटं, प्रत्येक ठिकाणी एक छोटं काम आणि परीक्षकाच्या हातात यादी. १९७५ साली स्कॉटलंडमध्ये डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी ही पद्धत मांडली ती पास-नापास परीक्षकाच्या लहरीवर आणि वाट्याला आलेल्या पेशंटवर अवलंबून राहू नये म्हणून. आपल्याकडे २०१९ च्या बॅचपासून नवा अभ्यासक्रम आला, त्यात डॉक्टरचं वागणं-बोलणं शिकवण्याचा भागही आला, आणि हे कागद घरोघरी पोचले.

माझ्या वयाचे बहुतेक डॉक्टर या प्रकारावर नाक मुरडतात. आमच्या बॅचच्या ग्रुपवर तर तो कायमचा विषय आहे. नाटक आहे, पोपटपंची आहे, आमच्या वेळी लाँग केस होती, पाऊण तास पेशंटजवळ बसायचं, अख्खा माणूस उलगडायचा, वगैरे. मीही परवापर्यंत त्यांच्यातच होते. दिवाणावर पडल्या पडल्या मला माझी लाँग केस आठवली, आणि मग हसू आलं नाही.

१९९४ साल. माझ्या वाट्याला आली होती चाळिशीची एक बाई, खेड्यातली. झडपेचा आजार, मायट्रल स्टेनोसिस. तो आवाज ऐकायचा तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवायचं, स्टेथोस्कोपची घंटेची बाजू हलकेच टेकवायची आणि श्वास सोडायला सांगून ऐकायचं. घाबरून मी कुशीवर वळवायचंच विसरले. उताणं ठेवूनच ऐकत बसले. मधला पडदा अर्धा फाटका, पलीकडच्या कॉटवर दोन मुलगे त्यांच्या केसेस घेत होते. बाई पदर ओढून घेत होती आणि मी तो बाजूला सारत होते. दोनदा. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "अहो, राहू द्या ना, आवाज येत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, कुशीवर वळू का? समदे वळवत्यात."

मी पास झाले. हे कागदावर बघायला गेलं तर मी तिच्याकडून कॉपी केली होती. तिने सांगितलं होतं की विहिरीवरून पाणी आणताना तीनदा टेकावं लागतं, आणि मी लिहिलं, 'डिस्निया ऑन एक्झर्शन, ग्रेड दोन'. तिसऱ्या वेळी टेकते तेव्हा घागर कोण उतरवून घेतं, हे मी विचारलं नाही. निघताना आभारही मानले नाहीत, पेपर आवरून एक्स्टर्नलकडे धावले. संध्याकाळी वॉर्डातल्या सिस्टरांकडून कळलं की तिला दोन दिवसांपूर्वीच घरी सोडायचं होतं. 'चांगली केस' म्हणून परीक्षेसाठी थांबवून ठेवलं होतं, आणि तिला सांगितलं होतं की तपासण्या राहिल्यात. त्या दिवशी किती जणांनी तिला कुशीवर वळवलं असेल कोण जाणे. तिचं नाव मला आज आठवत नाही. मर्मर मात्र आठवते.

तेव्हा लाँग केसमध्ये अख्खा माणूस उलगडायचा, असं माझे मित्र म्हणतात ते पूर्ण खरं नाही. उलगडता आला असता, वेळ होता. पण त्याला मार्क नव्हते, आणि ज्याला मार्क नाहीत ते आपण शिकत नाही. निदान वीस-बाविसाव्या वर्षी तरी नाही.

पेशंटला हे सगळं कळत असतं, हा यातला मजेचा भाग. हॉवर्ड बॅरोज नावाच्या अमेरिकन न्यूरॉलॉजिस्टची गोष्ट वैद्यकीय शिक्षणात प्रसिद्ध आहे. परीक्षेसाठी आणलेल्या एका पेशंटने त्यांना नंतर सांगितलं की एकजण माझ्याशी फार धसमुसळेपणाने वागला, म्हणून मी त्याला तळपायाची खूण उलट्या पायावर दाखवली आणि बधिरपणाची जागाही बदलली! हे जमतं हे पाहून बॅरोज यांनी १९६३ मध्ये पेशंटची भूमिका करणारी माणसं शिकवून तयार केली. त्या धसमुसळ्या उमेदवाराचं काय झालं ते मला माहीत नाही, पण माझ्या बाईने मनात आणलं असतं तर ती गप्प पडून राहू शकली असती. तिने तसं केलं नाही.

म्हणजे मी ओस्कीची भक्त झाले असं नाही. आठ मिनिटांत माणूस कळत नाहीच, आणि यादी पाठ करून माया येत नाही. अमेरिकेत २००४ पासून नव्या डॉक्टरांना, परदेशातून येणाऱ्यांनाही, अशीच अभिनेते-पेशंट असलेली परीक्षा द्यावी लागे. जवळजवळ १३०० डॉलर फी, आणि सगळ्या देशात केंद्रं पाचच. आमच्या बॅचचे तिघेचौघे कर्ज काढून ती देऊन आले. २०२० च्या मार्चमध्ये करोनामुळे ती थांबली आणि २०२१ च्या जानेवारीत कायमची बंद झाली. इतका खर्च आणि धावपळ कशासाठी होती, असं तिथेही विचारणारे बरेच होते.

पण माझं म्हणणं वेगळं आहे. ते अर्ध्या अर्ध्या मार्काचे शिष्टाचार राहू द्यावेत. घोकून केलेलेही चालतील. सकाळी दात घासताना कुणी भावनेने घासत नाही. पदर सावरून द्यायची सवय हाताला लागली, की रात्री तीन वाजता झोप अनावर झालेली असतानाही हात ते करेल. मन तेव्हा जागेवर असेलच असं नाही.

फक्त ते आपल्या भाषेत यावं. "मला आपल्या त्रासाबद्दल ऐकून वाईट वाटलं" हे ऐकून आमच्या भागातला पेशंट उठून बसेल, त्याला वाटेल आपलं काही खरं नाही. "अगं बाई, चार दिवस? मग जेवण जातंय का?" एवढं पुरतं. मग आम्ही तासभर तेच केलं. धाप आणि दम, चक्कर आणि भोवळ, मुरडा, घशाशी येणं, हातापायाला मुंग्या, 'अंगावरून जातं' म्हणजे काय आणि ते बाई कधी हळू आवाजात सांगते. भाचीची शाळा इंग्रजी, पुस्तकं इंग्रजी. 'अंगावरून जातं'वर ती म्हणाली, "काय जातं? गाडी?" :)

सगळ्यात शेवटी मी विचारलं, तपासून झाल्यावर पांघरूण कोण घालणार? मी मघापासून पोट उघडं टाकून पडले आहे.

तिने कागद उलटापालटा करून पाहिला. "मावशी, त्याला मार्क नाहीत."

असो. ते कागद बनवणारे कुणी हे वाचत असतील तर अर्धा मार्क तिथे द्या. आणि परीक्षेसाठी थांबवून ठेवलेल्या पेशंटला खरं कारण सांगून त्याची संमती घ्या. हे तर विद्यार्थ्याच्या नाही, कॉलेजच्या मार्कांत धरायला हवं.

मग आईला हुक्की आली की मलाही तपास. भाचीने घड्याळ लावलं, नमस्कार केला आणि विचारलं, "आजी, तुम्हाला काय त्रास होतो?" आईने १९७२ च्या दुष्काळापासून सुरुवात केली. खडी फोडायच्या कामावर कोण कोण होतं, सुकडी कशी लागायची, तेव्हा गुडघा पहिल्यांदा कसा धरला. आठ मिनिटांची घंटी वाजली तेव्हा ती जेमतेम माझ्या जन्मापर्यंत आली होती. "आजी, चीफ कम्प्लेंट सांगा ना," भाची रडकुंडीला आली. "तेच सांगतेय ना," आई म्हणाली.

येत्या रविवारी भाची पुन्हा यायची आहे. आईने फोन करून निरोप दिलाय, उरलेलं तेव्हा सांगते, आणि ते गार लोखंड छातीला लावायच्या आधी जरा हातात धरून गरम कर म्हणावं.