पद्मिनी खाली बसवण्याआधी

जुळे सोलापुरात ज्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये वडिलांची किंवा काकांची जुनी पद्मिनी उभी आहे आणि ती चार बोटं खाली घेऊन ऐटीत फिरवायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. विनंती एकच आहे. स्प्रिंगला कटर लावण्याआधी गाडी तिच्या मूळ उंचीवर आणा. ती तशी महिनाभर चालवा आणि मग किती खाली घ्यायची ते ठरवा.

पद्मिनीचं उत्पादन २००१ च्या सुमारास थांबलं, म्हणजे सगळ्यात नवी गाडीसुद्धा आता विशी ओलांडून गेली आहे. इतक्या वर्षांत पुढच्या स्प्रिंगा बसतात, मागच्या पाट्यांची कमान सपाट होते आणि आपल्याकडच्या चाळीस अंशांवरच्या उन्हाळ्यात रबरी बुश कडक होऊन तडकतात. अशी गाडी मुळातच खाली आलेली असते. तिची स्प्रिंग आणखी कापली की चाकाला वर-खाली व्हायला जागाच उरत नाही आणि प्रत्येक दणका थेट बॉडीच्या सांध्यांवर जातो.

म्हणून काम मोजमापापासून सुरू करा. सपाट फरशीवर गाडी उभी करून चारही चाकांच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर घ्या आणि वहीत लिहून ठेवा. डावी-उजवी बाजू सारखी आली नाही, तर दोष कुठे आहे याचा अर्धा पत्ता तिथेच लागतो. मग गाडी घोड्यांवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचं नाही, मेकॅनिक कितीही जुना असला तरी. पुढची दाबलेली स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय सोडायची नाही, ती उडाली तर हात मोडते.

पद्मिनीला पुढे अप्पर आणि लोअर आर्म असतात, त्यांच्यामध्ये स्प्रिंग. मागे सरळ ॲक्सल आणि पाटे. आर्म जिथे बॉडीला जोडलेले असतात, तिथला पत्रा आणि पाट्यांच्या शॅकलची जागा हातोडीने ठोकून बघा. आवाज बद्द आला, तर आधी गंज कापून पत्रा वेल्डिंग करून घ्या. कुजलेल्या पत्र्यावर नवे शॉकअप बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. बुश सगळे एकदम बदला. आर्मचे रबरी बुश गाडी हवेत असताना पक्के आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन आल्यावर शेवटचा आवळ द्यायचा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. हे बहुतेक ठिकाणी घाईत राहून जातं, म्हणून स्वतः समोर उभे राहा. मागचे यू-बोल्ट नवेच घ्या आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या.

आता खाली घेण्याबद्दल. गॅसने तापवून स्प्रिंग बसवायला कोणी सांगितलं, तर तिथून गाडी परत आणा. तापवल्याने पोलादाचं पाणी जातं, स्प्रिंग एका बाजूला बसत जाते आणि कधी मोडेल याचा भरवसा राहत नाही. वेढा कापला की स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, कडकही होते: आठ कामाच्या वेढ्यांतला एक कमी केला, तर कडकपणा साधारण चौदा टक्क्यांनी वाढतो. त्यापेक्षा मोजून बनवून घेतलेली स्प्रिंग बरी. मागे पाटा काढून टाकू नका, घरची पाच माणसं बसली की ॲक्सल वर आदळेल. चांगल्या पाटेवाल्याकडून कमान थोडी कमी करून घ्या. उंची उतरली की आर्म आणि टाय रॉड यांचे कोन बदलतात, त्यामुळे अलाइनमेंट आणि कॅम्बर तपासल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नका.

माझ्या मते आपल्या रस्त्यांना एक इंच पुष्कळ झालं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, हळूहळू चढणारा हवा. आपल्या कॉलन्यांमधले मात्र अरुंद आणि उभे असतात. त्यातच काळ्या मातीवरचा रस्ता पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो. दोन-अडीच इंच खाली घेतलेल्या गाडीचं ऑईल चेंबर अशा रस्त्यावर किती दिवस टिकेल, याचा विचार करा.

या गाडीशी आपलं गावाचं नातं आहे. वालचंद हिराचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाईल्स उभी केली. त्यांच्या पश्चात त्याच कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. राहिलेल्या गाड्या आता तुमच्यासारख्यांच्याच शेडमध्ये आहेत, आणि त्या चालत्या राहाव्यात असं मला मनापासून वाटतं.

कायद्याचंही बघा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत, आणि पंधरा वर्षांनंतर नोंदणीचं नूतनीकरण करताना गाडी आरटीओच्या तपासणीला न्यावीच लागते. काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, पण ती मूळ रूपात जपलेली असावी लागते. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेला चालत नाही. सत्तरच्या दशकातल्या पद्मिनी आता त्या वयाला पोचत आहेत. त्यामुळे बॉडीला कापाकापी करू नका, परत फिरवता येईल एवढंच काम करा. काढलेल्या मूळ स्प्रिंगा आणि पाटे भंगारात न देता तेल लावून, डावं-उजवं लिहून, गोणीत बांधून माळ्यावर ठेवा.