'गॅस' ठरवण्याआधी रक्त तपासा

दिवसभर कपाशी वेचून आलेली आई रात्री म्हणते, "छाती भरून आली, जबडाही दुखतोय." घरातले ओव्याचे पाणी देतात, नाहीतर सोडा पाजतात. कुणी दवाखान्यात नेलेच, तर ईसीजीची एक पट्टी निघते. "पट्टी नॉर्मल आहे, गॅस असेल," असे ऐकून माणसे घरी परततात. आपल्या वस्त्यांमध्ये ही गोष्ट नवी नाही.

माझे म्हणणे सरळ आहे. एका पट्टीवरून 'अटॅक नाही' म्हणणे आजच्या वैद्यकशास्त्राला धरून नाही.

पूर्वी जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार दुखणे, ईसीजीतील बदल आणि रक्तातील एन्झाइमची वाढ या तीनपैकी दोन गोष्टी दिसल्या की हार्ट अटॅक ठरत असे. २००० साली युरोप आणि अमेरिकेतील हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी ही व्याख्या बदलली. २००७, २०१२ आणि २०१८ मध्ये तिच्यात सुधारणा झाल्या. आता मुख्य पुरावा आहे ट्रोपोनिन. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात उतरते. पूर्वी नजरेतून सुटणारे लहान झटकेही त्यामुळे सापडू लागले.

मात्र किडनीच्या आजारात किंवा मोठ्या जंतुसंसर्गातही ट्रोपोनिन वाढते. म्हणून त्याच्या जोडीला त्रासाची लक्षणे, ईसीजी किंवा सोनोग्राफीतील बदल पाहावे लागतात. शिवाय ते वाढायला काही तास लागतात. पहिली तपासणी चांगली आली तरी काही तासांनी पुन्हा करावी लागते. उलट, ईसीजीत अटॅक स्पष्ट दिसत असेल तर रक्ताच्या रिपोर्टसाठी थांबायचे नसते. उपचार लगेच सुरू व्हायला हवेत.

बायकांना आणि शुगरच्या रुग्णांना कधीकधी छातीत दुखतच नाही. दम लागतो, घाम फुटतो, मळमळते, गळून जायला होते. 'गॅस'चा शिक्का त्यांच्यावरच आधी बसतो.

व्याख्या बदलून पंचवीस वर्षे झाली. ती पुस्तकात राहून आपल्या काय कामाची? धरणगावच्या सरकारी रुग्णालयात रात्री बारा वाजताही ईसीजी आणि ट्रोपोनिन दोन्ही व्हायला हवे. निदानासाठी जळगाव गाठावे लागले तर वाटेतला प्रत्येक मिनिट हृदयाचा स्नायू मारतो. ही मागणी आपण ग्रामसभेत, नगरपालिकेत, आमदारांपुढे लेखी मांडली पाहिजे. हा उपकार नव्हे, आपला हक्क आहे.

तोवर एवढे करा. असा त्रास सुरू झाला की सोडा पाजत बसू नका, १०८ ला फोन करा. डॉक्टरांना न लाजता विचारा, "साहेब, ईसीजी पुन्हा काढायचा का? ट्रोपोनिन तपासायचे का?" रविवारी विहारात वंदनेनंतर हे पान वाचून दाखवा. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यापर्यंत ते आधी पोहोचले पाहिजे.