उपदेश नको, तालीम हवी

नरकचतुर्दशीच्या पहाटे कारीट फोडून त्याचा कडू थेंब जिभेला लावायचा आणि मग फराळाला बसायचे, ही आपली जुनी रीत. या अंकातील गोड मजकुरात हा लेख म्हणजे तसाच एक कडू थेंब आहे, असे वाचकांनी समजावे. विषय आहे समुपदेशनाचा. म्हणजे मनाने खचलेल्या माणसाचे ऐकून घेऊन त्याला सावरण्याच्या विद्येचा.

ही शिकण्याची विद्या आहे, हेच मुळी आपल्याला मान्य नाही. सुतारकाम शिकावे लागते, दागिना घडवणे शिकावे लागते, कोल्हापुरी चप्पल शिवणेसुद्धा शिकावे लागते; दुःखी माणसाशी बोलणे मात्र प्रत्येकाला जन्मतःच येते, असा आपला ठाम समज. त्यात या शब्दाच्या पोटातच 'उपदेश' दडून बसलेला, आणि उपदेशाचा तर घरोघरी सुकाळ! मुलगा नापास झाला की मामा उपदेश करतो, सून रुसली की शेजारीण करते, धंदा बुडाला की ज्याने जन्मात धंदा केला नाही तोही करतो. उपदेशाने माणूस बरा होत असता, तर महाराष्ट्रात दुःख औषधालाही उरले नसते.

या गैरसमजावर आता एक बाजार उभा राहिला आहे. शनिवार-रविवारी घरबसल्या पडद्यावर चार भाषणे ऐकावीत आणि सोमवारी प्रमाणपत्र छापून घ्यावे! आमच्या राजारामपुरीत पहिल्या गल्लीतील गृहस्थाने असे प्रमाणपत्र मिळवून चौदाव्या गल्लीत 'समुपदेशक' अशी पाटी लावली, तर त्याला हटकणारा क्वचितच भेटेल. डॉक्टरला नोंदणी लागते. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला १९९२ च्या कायद्याप्रमाणे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. इतर समुपदेशकांना नोंदवहीत आणण्यासाठी २०२१ साली आरोग्य-सेवा व्यवसायांचा नवा कायदा झाला खरा. पण कायदा दिल्लीहून गल्लीपर्यंत यायला किती वर्षे घेतो, हे का वाचकांना सांगायला हवे?

यावर एक युक्तिवाद हटकून केला जातो, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. तो असा की, दुःखी माणसे अमाप आहेत आणि तज्ज्ञ मोजके आहेत. मग कोणी अर्धेमुर्धे शिकून चार माणसांचे अश्रू पुसले तर बिघडले कोठे? याचे उत्तर शेजारच्या गोव्याने देऊन ठेवले आहे. तेथे डॉ. विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेतील सहकाऱ्यांनी साध्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या माणसांना तयार केले आणि दहा सरकारी आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर प्रयोग केला. त्याचा निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. तीन महिन्यांनंतर, ज्यांना या समुपदेशकांची साथ मिळाली त्यांतील ६४ टक्के रुग्णांचे नैराश्य ओसरले होते. ज्यांना केंद्रातील नेहमीचीच, पण थोडी सुधारलेली सेवा मिळाली त्यांतील ३९ टक्क्यांचे.

म्हणजे पदवीवाचून काम होते! पण हे वाक्य ऐकून टाळी वाजवणाऱ्यांनी पुढचेही ऐकावे. त्या माणसांना वर्ग संपताच मोकळे सोडले नव्हते. त्यांच्याकडून उमेदवारी करून घेतली. त्यांच्या बैठका ध्वनिमुद्रित होत. सहकारी त्या ऐकून गुण देत आणि चुका तोंडावर सांगत. पदवी नसली तरी चालले. पाठीशी कान देऊन बसणारे कोणी नसते, तर चालले नसते.

कोल्हापूरकरांना ही गोष्ट समजावून सांगावी लागू नये. कुस्तीवरची पुस्तके वाचून या गावात कोणी मल्ल झालेला नाही. तांबड्या मातीत उतरावे लागते, आणि काठावर वस्ताद उभा असावा लागतो. पकड कोठे सुटली हे पहिलवानाला स्वतःला दिसत नाही. ते वस्तादाला दिसते. समुपदेशकाचेही तसेच आहे. समोरची बाई रडू लागली आणि आपण घाईने 'होईल सारे ठीक' म्हणालो, ते तिच्यासाठी म्हणालो की आपल्यालाच तिचे रडणे सोसवेना म्हणून? कार्ल रॉजर्सने १९५७ साली या विद्येच्या मुळाशी तीन गोष्टी सांगितल्या: दुसऱ्याचे दुःख त्याच्या जागी उभे राहून समजणे, अट न घालता त्याला मान देणे आणि स्वतः खोटे न वागणे. या ऐकायला सोप्या आहेत. अंगी बाणवायला वर्षे लागतात.

आणि दूरध्वनीवरचे समुपदेशन म्हणजे तर सोपी आवृत्ती, असे मानणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार! समोरासमोर बसलेला माणूस गप्प झाला, तर त्याचे थरथरणारे हात दिसतात. फोनवर गप्प झाला, तर तो रडतो आहे, विचार करतो आहे की फोनच तुटला, काय समजावे? तेथे 'मी आहे, सावकाश बोला' एवढेच म्हणून थांबता आले पाहिजे. दोन खोल्यांच्या घरातली सून गच्चीवरून बोलत असते. 'आता मोकळेपणाने बोलता येईल ना?' हा पहिला प्रश्न हवा, आणि सासूबाई वर आल्या तर नुसत्या हो-नाहीवर संभाषण चालवण्याचे कसब हवे. चंदगडहून शिकायला आलेला मुलगा भाड्याच्या खोलीतून मध्यरात्री फोन करतो. तो आत्ता कोठे आहे, जवळ कोण आहे आणि फोन तुटला तर पुन्हा कोणी लावायचा, हे आधीच ठरवून घ्यायला हवे. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा निघाल्यावर पत्ता शोधत बसणे म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणे. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलि-मानस' ही विनामूल्य सेवा सुरू केली आहे. तिचा क्रमांक १४४१६ घरातील भिंतीवर लिहून ठेवावा, आणि समुपदेशक म्हणवणाऱ्याला तर तो झोपेतही पाठ असावा.

माझे मागणे थोडे आहे. जी संस्था हे शिक्षण देते, तिने जाणत्यांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष आणि फोनवर, दोन्ही प्रकारच्या बैठका करून घेतल्याखेरीज कोणाच्या हाती प्रमाणपत्र देऊ नये. आणि वाचकहो, घरातील कोणाला समुपदेशकाकडे नेण्याआधी तीन प्रश्न विचारा: तुम्ही किती काळ आणि कोणाच्या हाताखाली शिकलात? तुमचे काम आज कोण तपासते? आणि तुमच्या आवाक्याबाहेरचे दुखणे निघाले, तर आम्हाला कोणाकडे पाठवाल? डाळिंब घेताना दहा वेळा फिरवून पाहणारे आपण! मुलीचे मन कोणाच्या हाती देताना एवढे विचारायला संकोच कसला? जो खरोखर शिकलेला आहे तो या प्रश्नांनी रागावणार नाही. जो रागावेल, त्याच्या दारातून उठून या.