रॉटरडॅमचा व्यापारी बागेत येत नाही

पुतण्याने चेन्नईतली गाडी न बघता घ्यायचं ठरवलं आणि आमच्या ओट्यावर आठवडाभर दुसरा विषय निघाला नाही. गाडी साधीसुधी नव्हती. बीएमडब्ल्यूची एम ३४० आय, २०२१ सालची. दिसायला चार दारांची घरगुती सेडान. पोटात तीन लिटरचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, ३८७ अश्वशक्ती, शून्यावरून शंभरवर साडेचार सेकंदांच्या आत. मार्च २०२१मध्ये ती बाजारात आली तेव्हा शोरूमची किंमत ६२.९० लाख रुपये होती. आमच्या सायखेड्याहून चांदोरीचा पूल ओलांडायला एवढे घोडे कशाला, हे मीही विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही. असो. गाडी तेराशे-चौदाशे किलोमीटरवर, आणि पुतण्या तिकडे जाणारच नव्हता. तिथला कोणी माणूस ती तपासणार, फोनवर दाखवणार, आणि हा इथून पैसे सोडणार.

ओट्यावरच्या आबांचा निकाल पहिल्याच दिवशी लागला होता. "म्हैस घ्यायची तर माणूस तीन वेळची धार काढून बघतो. बैलाचे दात मोजतो. आणि हा एवढी रक्कम मोबाइलवर बघून टाकणार!"

आबांचा मान राखून सांगतो, त्यांची म्हैसच त्यांच्या विरुद्ध साक्ष देते. बाजारात आणण्याआधी एक धार चुकवली की कास तट्ट दिसते. शिंगांना तेल लावलं, अंग घासून काढलं की दहा हजारांनी भाव चढतो. तीन वेळची धार काढायची रीत पडली ती डोळ्यांवर भरवसा नव्हता म्हणूनच. कांद्याचं बघा. लिलावात व्यापारी ट्रॉलीजवळ उभा राहून, हातात कांदा घेऊन, स्वतःच्या डोळ्यांनी पाहून बोली लावतो. माल खळ्यावर ओतला की खालचा थर दिसतो आणि वांधा निघतो. रोज निघतो. समक्ष पाहिल्याने फसवणूक टळत असती, तर वांधा हा शब्द आपल्या बाजारात जन्मालाच आला नसता.

गाडीच्या बाबतीत तर समक्ष जाणाऱ्याची अडचण जास्त. तो येणार हे विकणाऱ्याला आदल्या दिवशी ठाऊक असतं. गाडी धुतलेली, डॅशबोर्ड चमकवलेला, इंजिन तासभर आधी चालवून गरम केलेलं, म्हणजे थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जी खडखड किंवा निळसर धूर निघतो तो निघणारच नाही. शिवाय आपण दोन दिवस प्रवास करून, लॉजवर राहून, मित्राला सोबत घेऊन गेलेलो असतो. एवढं लांब आलोय तर रिकाम्या हाताने कसं परतायचं, या विचारानेच निम्मा सौदा विकणाऱ्याच्या बाजूने होऊन बसतो.

आणि न बघता विकण्या-घेण्याचं नवल आपल्या निफाड तालुक्याने करावं? आपली द्राक्षं रॉटरडॅमला जातात. तिथला व्यापारी बागेत येतो का? तो तुमचा चेहराही ओळखत नाही. २००६पासून निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडाच्या ग्रेपनेटवर बागेची नोंद असते, प्लॉटला क्रमांक असतो आणि औषधांच्या उर्वरित अंशाच्या तपासणीसाठी नमुना बागाईतदार नेऊन देत नाही. प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन घड काढतो. सगळी मेख या एका वाक्यात आहे. घड आपण निवडून दिले असते तर त्या अहवालाला युरोपात कोणी विचारलं असतं?

इथे पुतण्याची बाजू घेतल्यासारखं वाटेल. पण त्याचंही चुकत होतं, आणि आबांपेक्षा जास्त. त्याच्याकडे विकणाऱ्यानेच पाठवलेला अहवाल होता. दोनशे मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी खूण. "काका, दोनशे गोष्टी तपासल्यात, अजून काय पाहिजे?"

२०१० साल आठवतंय का, एवढंच मी विचारलं. त्या हंगामात आपली द्राक्षं युरोपात अडकली. क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागेत सगळे सीसीसी किंवा लिहोसिन म्हणतात, त्याचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले. प्रयोगशाळा झोपल्या नव्हत्या. जी रसायनं तपासायची त्यांची यादी ठरलेली होती, आणि सीसीसी त्या यादीत नव्हतं. कागद स्वच्छ होते, माल अडकला होता. बागाईतदारांना किती वर्षं त्याची झळ लागली हे ओट्यावर कोणाला सांगायची गरज नाही. दोनशे मुद्द्यांच्या यादीत आपल्याला हवा तो दोनशे एकावा मुद्दा नसेल तर हिरव्या खुणा मोजून उपयोग काय?

चेन्नईच्या गाडीचा दोनशे एकावा मुद्दा म्हणजे पाणी. डिसेंबर २०२३च्या पहिल्या आठवड्यात मिचाँग वादळात ते शहर बुडालं होतं. २०१५च्या डिसेंबरातही बुडालं होतं, पण तेव्हा ही गाडी नव्हती. असल्या गाड्यांची विजेची बरीच जोडणी गालिच्याखालून, सीटखालून जाते. आत चिखलपाणी शिरलं तर धुऊन, वाळवून गाडी चकचकीत करता येते. जोडांमधला गंज मात्र वर्ष-दोन वर्षांनी, एकेक दिवा पेटवत वर येतो.

या विषयात सायखेड्याला कोणी शिकवायला नको. २०१६चा ऑगस्ट आणि २०१९चा ऑगस्ट, दोन्ही वेळा गोदावरी गावात आली. पाणवेलींचा ढीग पुलाला अडकला, बाजारपेठेत दुकानांच्या पायऱ्या बुडाल्या. पाणी उतरल्यावर पिठाच्या गिरणीत, कपाटात, गादीत जो वास राहतो, तो फिनेलने जात नाही, अत्तराने जात नाही. आबांचा खरा मुद्दा हाच होता, त्यांनी तो म्हशीच्या आडून मांडला इतकंच. मोबाइलमधून वास येत नाही.

पण नाक भाड्याने मिळतं. विकणाऱ्याशी देणंघेणं नसलेला, याच गाड्यांवर काम करणारा चेन्नईतला मेकॅनिक गाठायचा. त्याची फी सौदा होवो न होवो, आधी द्यायची. सौद्यावर टक्का ठरवला की तो आपला राहिला नाही. यादी आपण द्यायची. गाडी काचा बंद करून, एसी न लावता अर्धा तास उन्हात ठेवायची, मग दार उघडून आत तोंड घालायचं आणि काय आलं ते सांगायचं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा: जो भाग कधीच बाहेर येत नाही त्याच्यावर गाळाची तपकिरी रेघ राहते. सीटच्या रुळांचे बोल्ट, गालिच्याची खालची बाजू, डिकीतला खड्डा. व्हिडिओ एकसलग, मध्ये तुटला तर पहिल्यापासून. सुरू करण्याआधी स्कॅनर लावून कूलंटचं तापमान दाखवायचं. ते बाहेरच्या हवेइतकं असेल तरच इंजिन रात्रभर थंड होतं असं मानायचं.

त्याच स्कॅनरवर आणखी एक गंमत असते. बिघाडाचे कोड आदल्या दिवशी पुसले तर यादी कोरी दिसते, पण गाडीच्या स्वतःच्या चाचण्या "अपूर्ण" दाखवतात. थोडे दिवस चालवल्याशिवाय त्या भरत नाहीत. कोरी यादी आणि अपूर्ण चाचण्या एकत्र दिसल्या की समजायचं, पाटी नुकतीच पुसली आहे.

कागदाचं थोडक्यात. तमिळनाडूच्या आरटीओचं ना-हरकत, म्हणजे फॉर्म २८. कर्ज असेल तर बँकेचा बोजा उतरल्याचा फॉर्म ३५. बारा महिन्यांहून जास्त इथे ठेवायची तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७प्रमाणे नाशिकचा, म्हणजे एमएच १५चा नवा नंबर. तिथे भरलेला कर इथे चालत नाही, आणि असल्या गाडीचा कर लाखांत जातो. पुतण्याच्या हिशेबात हा आकडा नव्हताच.

मेकॅनिकने दीड तास घेतला. वास नाही, बेल्ट स्वच्छ, सर्व्हिसच्या नोंदीत २०२३च्या डिसेंबरनंतर कुठलंही मोठं काम नाही. दोनशे मुद्द्यांत हिरवी खूण असलेले टायर मात्र त्याने वाचले. पुढचे दोन आणि मागचे दोन यांच्या तारखांत तीन वर्षांचं अंतर, झीज वेगळी. चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत अशी जोडी ट्रान्सफर केसला खाते. ती तपासून घेतली आणि चार नव्या टायरांची किंमत भावातून वळती झाली.

गाडी चैत्रात ट्रेलरवरून आली. पोरं फोटो काढत होती, पुतण्या चावी घेऊन उभा. आबांनी त्याला बाजूला केलं, आत बसले, काचा वर करायला लावल्या, एसी बंद. भर दुपारी दहा मिनिटं घामाघूम होत ते तसेच बसून राहिले. बाहेर आले आणि म्हणाले, "चामड्याचा येतोय."