तिकीट आहे, पण कुठल्या गाडीचं?

शिरूरला रेल्वे नाही. तिथली मुलं एसटीने पुण्याला येतात. बसलोय त्याच गाडीचं तिकीट कंडक्टर देतो, विषय संपला. दौंडकरांचं तसं नाही. इथे आधी तिकीट, मग गाडी.

पॅसेंजरचं साधं तिकीट किमान १० रुपयांचं, मेल-एक्स्प्रेसचं किमान ३०, सुपरफास्टला सेकंड क्लासमध्येही वर १५. साधं तिकीट काढलं, पॅसेंजर लेट झाली, समोर सुपरफास्ट आली आणि लेक्चर आठवून तुम्ही चढलात, की झालं! तिकीट खिशात असूनही भाड्यातला फरक आणि वर किमान २५० रुपये. पासवाल्यांनाही आरक्षित डब्यात सहसा मनाई.

कोविडने गोंधळ वाढवला. पॅसेंजर ‘स्पेशल’ म्हणून एक्स्प्रेसच्या भाड्यात धावल्या. जुनं भाडं परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. थांबे मात्र तेच होते, बरं का.

पुणे-दौंडला उपनगरी दर्जा द्या, ही प्रवाशांची मागणी जुनीच. पटण्यासारखी आहे, कारण लोकल पुरेशा असतील तर सुपरफास्टमध्ये घुसायची वेळच कशाला येईल? तोवर ॲपवर तिकीट काढताना गाडीचा प्रकार नीट निवडा.