गोधडीचा वर्ग मोबाइलवर. मजुरीचा हिशेब मात्र जुनाच

वालीव, खास प्रतिनिधी

गोधडी शिवायला शिकविणारे वर्ग भरतील आणि त्यांचे शुल्कही आकारले जाईल, ही कल्पना एका पिढीपूर्वी हास्यास्पद वाटली असती. आज असे वर्ग मोबाइलच्या पडद्यावर भरतात. गोधडीच्या जोडीने क्रोशे, भरतकाम, मॅक्रमे, वारली चित्रे असे सारेच तेथे शिकविले जाते. यामुळे हस्तकला घरोघरी पोहोचली, असे कौतुकाने सांगितले जाते आणि ते खोटे नाही. मात्र शिकणे आणि कमावणे यांतील अंतर या वर्गांनी किती कमी केले, हा प्रश्न वसई पूर्वेच्या वालीवसारख्या ठिकाणी विचारला, तर उत्तर तितकेसे उत्साहवर्धक मिळत नाही.

वालीव हे लहान कारखान्यांच्या गाळ्यांचे गाव. २००९ मध्ये ते नव्या वसई-विरार महापालिकेत आले, २०१४ मध्ये ठाण्याऐवजी पालघर जिल्ह्यात गेले. पत्ता बदलला, तरी मुंबईचे अंतर काही कमी झाले नाही. येथून दादरला शिवणाचा वर्ग करायचा, तर रिक्षाने वसई रोड स्थानक गाठायचे आणि पुढे विरार लोकलची गर्दी सोसायची. दोन तासांच्या वर्गासाठी अर्धा दिवस मोडतो. घरात लहान मूल असेल तर विषयच संपला. दुपारी भांडी आवरल्यावर मोबाइल भिंतीला टेकवून टाका पाहता येणे, आणि चुकल्यास तोच टाका दहा वेळा पाहता येणे, ही सोय अशा घरासाठी लहान नाही. यूट्यूब २००५ मध्ये अवतरले असले, तरी सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यानंतर इंटरनेटचे दर कोसळले, तेव्हाच ही सोय कामगार वस्त्यांच्या आवाक्यात आली. २०२०च्या टाळेबंदीने उरलेले काम केले.

अडचण पहिल्याच धड्यापासून सुरू होते. इंटरनेटवर 'क्विल्टिंग' शोधल्यास समोर येते ते मुख्यतः अमेरिकी पद्धतीचे काम: दुकानातून आणलेले नवे सुती कापड, चक्रीच्या सुरीने केलेले चौकोन, पाव इंचाची शिवण, मधे भरणाचा थर आणि वरून यंत्राची टीप. मिसुरी राज्यातील हॅमिल्टन या छोट्या गावात २००८ मध्ये निघालेल्या एका कौटुंबिक दुकानाने असे धडे मोफत दाखवून कापडाचा प्रचंड व्यवसाय उभा केला. तेथे धडा ही जाहिरात आहे, विकायचे आहे ते कापड.

आपली गोधडी, कोल्हापूर-सांगलीकडची वाकळ, याच्या नेमकी उलट. तिच्यात विकत आणलेले काहीच नसे. विटलेली लुगडी व धोतरे यांचे थर जमिनीवर अंथरायचे, कोपरे ताणून धरायचे, कच्च्या टाक्यांनी जखडायचे आणि मग कडेपासून आत आत धावदोरा घालत जायचे. हे कौशल्य डोळ्यांपेक्षा बोटांचे अधिक. चार थरांतून सुई गेली की खालचा थर सुरकुतला आहे, हे बोटाला कळते. कॅमेऱ्याला दिसत नाही. शेजारी बसलेली आजी तेवढ्यात हात धरते, व्हिडिओ पुढे निघून जातो.

शिवाय कापडही पूर्वीचे राहिलेले नाही. आजच्या घरात जुनी म्हणून निघणारी साडी बहुधा कृत्रिम धाग्याची असते. ती थरात घसरते, घाम शोषत नाही आणि धुवून मऊ होत नाही. सुती नऊवारी दुर्मिळ झाल्यावर गोधडीचा फुकटचा कच्चा मालच संपला. तयार कपड्यांच्या कारखान्यांतील कातरण हा एक पर्याय आहे, पण ते तुकड्यांत येते. ते जुळविण्यात जाणारा वेळ कोणी मोजत नाही.

मोजला तर काय दिसते? उदाहरणादाखल, हाताने शिवलेल्या मोठ्या गोधडीला पन्नास तास लागले आणि ती दोन हजार रुपयांना गेली, असे धरू. कापड व दोऱ्याचे पाचशे वजा केल्यास तासाला तीस रुपये उरतात. बाजारात तिची स्पर्धा असते यंत्रावर शिवलेल्या दुलईशी. छंद म्हणून शिकणाऱ्या ग्राहकाला हा हिशेब लागू नाही, कारण त्याला मिळणारा आनंद हीच त्याची कमाई. ज्या बाईला यातून घर चालवायचे आहे, तिच्यासाठी मात्र तो पहिला धडा असायला हवा.

अमेरिकेतील अलाबामा राज्यात जीज बेंड येथील कृष्णवर्णीय स्त्रियांनी जुन्या कामाच्या कपड्यांतून शिवलेल्या गोधड्या २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात मांडल्या गेल्या. नाव जगभर झाले, पण त्या नक्ष्यांच्या कमाईतील वाट्यावरून काही स्त्रियांना २००७ मध्ये न्यायालयात जावे लागले. पुढे तडजोड झाली. २०२१ पासून त्यांतील काहीजणी इंटरनेटवर स्वतःच्या नावाने विक्री करू लागल्या. आपल्याच जिल्ह्यातील वारली चित्रांना भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे. परंतु १९९९चा तो कायदा नावाला संरक्षण देतो. कोणी घरबसल्या ती कला शुल्क घेऊन शिकवू लागला, तर डहाणूच्या पाड्यावर त्यातला रुपया पोहोचावा, अशी तरतूद त्यात नाही.

सरकारी योजनांत या वर्गांना स्थान कोठे? सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेतील अठरा व्यवसायांत गोधडी नाही, शिंपीकाम आहे. त्यात प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला पाचशे रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी पंधरा हजारांपर्यंतचे साह्य आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत तीन लाखांपर्यंत कर्ज, अशी सोय ठेवण्यात आली. लाभ एका कुटुंबात एकालाच. मोबाइलवर शिकलेली बाई यात बसते का, हे व्हिडिओखालच्या प्रमाणपत्रावर ठरत नाही. पहिली पडताळणी स्थानिक स्वराज्य संस्थेकडे, म्हणजे वालीवच्या बाबतीत महापालिकेकडे असते.

विक्रीच्या बाजूने एक दार मात्र उघडले आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून, मर्यादेहून कमी उलाढाल असलेल्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीविना ऑनलाइन बाजारपेठांवर राज्यांतर्गत विक्री करता येते. त्यासाठी जीएसटीच्या पोर्टलवर पॅनच्या आधारे स्वतंत्र क्रमांक घ्यावा लागतो. वालीवची गोधडी पुण्याला अशी पाठविता येईल, पण त्या क्रमांकावर सुरतेला नाही. टाका कसा घालावा हे तासन्‌तास दाखविणाऱ्या वर्गांत ही दहा मिनिटांची माहिती सहसा नसते.