वेडे नेमके कोण? ट्यूलिपचा कंद आणि परसबागेतली माणसे

शेअर बाजार गडगडला किंवा एखाद्या आभासी चलनाचा फुगा फुटला, की सतराव्या शतकातील हॉलंडची आठवण काढण्याचा प्रघात पडला आहे. कथा सर्वांच्या परिचयाची आहे. एका फुलाच्या कंदासाठी सारा देश वेडा झाला. विणकरांनी माग विकले, घरे गहाण पडली आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये एका रात्रीत सारे भिकेला लागले. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांपासून समाजमाध्यमांवरील उपदेशांपर्यंत सर्वत्र हीच कथा फिरत असते.

या कथेचा बराचसा भाग खोटा आहे. पण त्याहून गंभीर गोष्ट अशी की, तो खोटेपणा एका विशिष्ट दिशेने झुकलेला आहे. त्यात मूर्ख ठरतो तो विणकर, चांभार, खानावळवाला. ज्याने आपल्या हाताने माती उकरून कंद लावला, तो माणूस या कथेत कोठेच नाही. म्हणून हा थ्रेड बाजाराचा नसून परसबागेचा आहे.

आरंभ कंदापासूनच केला पाहिजे. ट्यूलिप मूळचे मध्य आशियातील डोंगरउतारांचे. उस्मानी तुर्कांच्या बागांत ते मानाने वाढले आणि तेथून युरोपात गेले. १५५९ च्या एप्रिलमध्ये आउग्सबुर्ग येथील एका श्रीमंत गृहस्थाच्या बागेत फुललेले ट्यूलिप कोनराड गेसनर या निसर्गशास्त्रज्ञाने पाहिले आणि दोन वर्षांनी त्याचे वर्णन छापले. त्याच सुमारास अँटवर्पच्या एका व्यापाऱ्याला कापडाच्या गठ्ठ्यांबरोबर काही कंद मिळाले. त्याने ते कांदे समजून भाजले, तेल-व्हिनेगर घालून खाल्ले आणि उरलेले परसात कोबीच्या वाफ्यात खोचून दिले. फुले आली तेव्हा एका जाणत्या माणसाने ते वाचवले. ही हकिगत क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने नोंदवून ठेवली आहे. ‘कंद’ आणि ‘कांदा’ हे एकाच घरातले शब्द असलेल्या मराठी वाचकाला त्या व्यापाऱ्याचा फारसा राग येऊ नये.

या क्लुसियसचा कोकणकिनाऱ्याशीही एक धागा आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने गोव्यात बसून भारतीय औषधी वनस्पतींवर संवादरूप ग्रंथ लिहिला आणि तो १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. १५६७ मध्ये त्याचा लॅटिन संक्षेप काढून युरोपभर पोहोचवणारा हाच क्लुसियस. गोव्याच्या बाजारातील आले-वेलचीचे ज्ञान आणि इस्तंबूलच्या बागांतील ट्यूलिप या दोहोंची युरोपला ओळख करून देण्यात एकाच माणसाचा हात असावा, याचे नवल वाटते.

१५९३ मध्ये क्लुसियस लायडन विद्यापीठाच्या वनस्पतिउद्यानात आला. त्याने ट्यूलिप विकले मात्र नाहीत. कंद आणि बिया टपालाने मित्रांना पाठवायच्या आणि बदल्यात त्यांच्याकडील नवे वाण मागवायचे, अशी त्याची रीत होती. त्याच्या पत्रव्यवहारात सरदार होते, औषधविक्रेते होते आणि स्त्रियाही होत्या. शिमेची राजकुमारी मारी द ब्रिम्यू हिने तर त्याला लायडनला आणण्यासाठी खटपट केली. या मंडळींना ‘लीफहेबर’ म्हणजे आवड असणारे, रसिक असे म्हणत. त्यांचे चलन होते भेट आणि परतभेट. त्या वर्तुळात ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांनी क्लुसियसच्या बागेतून कंद चोरले. बाजार उभा राहण्यापूर्वी चोरी झाली, हा क्रम ध्यानात ठेवण्यासारखा आहे.

आता त्या फुलाच्या स्वभावाकडे वळू, कारण १६३७ च्या घडामोडींचे मर्म तेथेच आहे. बियांपासून लावलेले ट्यूलिप फुलायला पाच ते सात वर्षे लागतात आणि आईसारखेच फूल येईल याची शाश्वती नसते. म्हणून जातिवंत वाण कंदापासूनच वाढवावा लागतो. केळीच्या बुंध्याशी पिले फुटावीत तसे जुन्या कंदाभोवती नवे कंद धरतात आणि जुना झिजून जातो. वर्षाला दोन-तीन पिले मिळाली, तरी बागवान समाधान मानतो.

यात एक चमत्कार होता. सलग एकरंगी फूल देणारा कंद एखाद्या वर्षी अकस्मात ‘फुटे’. पांढऱ्या किंवा पिवळ्या पाकळ्यांवर लाल-जांभळ्या ज्वाळा आणि पिसांसारख्या रेघा उमटत. असे का होते, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी मातीवर रंगाची पूड टाकी, कोणी कबुतरांची विष्ठा घाली, तर कोणी दोन निराळ्या कंदांची अर्धी-अर्धी शकले एकत्र बांधून पाही. उत्तर मिळाले ते १९२८ मध्ये. जॉन इनेस संस्थेतील डोरोथी केली या संशोधिकेने दाखवून दिले की, हा एका कंदातून दुसऱ्यात जाणारा संसर्ग आहे. तो विषाणू मावा या किडीमार्फत पसरतो हेही पुढे स्पष्ट झाले. केलीने तिच्या प्रयोगात फुटलेल्या कंदाचा तुकडा निरोगी कंदाला जोडला होता. म्हणजे शकले बांधणारे ते जुने बागवान अगदीच भोळे नव्हते.

हा विषाणू फुलाला सौंदर्य देतो आणि कंदाला दुबळे करतो. फुटलेल्या कंदाला पिले कमी येतात. जे वाण सर्वांना हवे तेच सर्वांत सावकाश वाढते. मागणीच्या मागे पुरवठा धावूच शकत नाही, अशी ही निसर्गाची व्यवस्था होती. सेम्पर ऑगस्टस या लाल-पांढऱ्या ट्यूलिपच्या किमतीची कारणे शोधताना लोभाइतकाच या दुबळ्या कंदाचा विचार करायला हवा.

दुसरी गोष्ट हंगामाची. पाने वाळल्यावर, जूनच्या सुमारास कंद उपटतात आणि शरद ऋतूत पुन्हा पुरतात. कंद हातोहात देता येतो तो या मधल्या काळातच. उरलेले सात-आठ महिने तो जमिनीखाली असतो. १६३४ नंतर खरेदीदार वाढले, तसे त्या महिन्यांतही सौदे होऊ लागले. लावतानाचे वजन ‘आस’ या मापात टिपून ठेवत. एक आस म्हणजे ग्रॅमच्या विसाव्या हिश्श्याहून किंचित कमी. खरेदीदार भरवसा ठेवी तो मातीत कंद वजनदार होण्यावर. पैसे द्यायचे ते कंद बाहेर निघाल्यावर. डच लोक याला वाऱ्याचा व्यापार म्हणत. आपल्याकडची बाजारातली तुरीची म्हण येथे चपखल बसते. तरीही हा कागदी सौदा बागवानाच्या पंचांगातूनच जन्मला होता, हे नाकारता येणार नाही.

फेब्रुवारी १६३७ च्या पहिल्या दिवसांत हार्लेममध्ये खरेदीदार मिळेनासे झाले. ती वार्ता आल्कमारला पोहोचण्यापूर्वी, ५ फेब्रुवारी रोजी, तेथे एक मोठा लिलाव झाला. वाउटर विंकेल या मृत खानावळवाल्याच्या सात अनाथ मुलांसाठी त्याचा कंदसंग्रह विकला गेला आणि एकूण आकडा ९०,००० गिल्डरांच्या घरात गेला. कुशल कारागिराची वर्षाची कमाई तेव्हा ३०० गिल्डरांच्या आसपास होती. भाव विलक्षण होते, यात शंका नाही.

मग नाश कोणाचा झाला? ॲन गोल्डगार या इतिहासकार विदुषीने डच दफ्तरखान्यांतील करारपत्रे, दावे आणि नोटरींच्या नोंदी धुंडाळून २००७ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. कारागिराच्या वर्षभराच्या कमाईहून अधिक रक्कम कंदांवर घालणारे त्यांना अवघे ३७ जण आढळले. सौदे करणारे बहुतेक व्यापारी आणि सुस्थितीतील कारागीर होते. ट्यूलिपमुळे दिवाळे निघालेला एकही मनुष्य त्यांना सापडला नाही. खरेदीदारांनी पैसे मोजलेच नव्हते. न्यायसंस्थेने हात झटकले आणि १६३८ मध्ये हार्लेम नगराने ठरवले की, ठरलेल्या किमतीच्या साडेतीन टक्के भरून सौदा मोडता येईल. डच अर्थव्यवस्था तशीच चालू राहिली. तुटला तो शब्द. ज्या समाजात ओळखीवर आणि दिल्या वचनावर व्यवहार चालत, तेथे परिचिताने तोंड फिरवणे ही लहान जखम नव्हे. गोल्डगार यांचा भर याच मुद्द्यावर आहे आणि तो पटण्यासारखा आहे.

तर मग ते माग विकणारे विणकर आले कोठून? ते आले उपहासातून. १६३७ मध्येच हार्लेमला संवादरूप पुस्तिका छापल्या गेल्या. त्यांतील दोन पात्रे विणकर आहेत आणि एकाचे नावच धनलोभ सुचवणारे आहे. हेंड्रिक पॉटच्या चित्रात फुलदेवता फ्लोरा मूर्खांच्या शिडाच्या गाड्यात बसली आहे आणि माग टाकून विणकर तिच्यामागे धावत आहेत. धाकट्या यान ब्रूगेलने तर ट्यूलिपचा व्यापार करणारी माकडेच रंगवली. विणकराने चार पैसे मिळवावेत, उंची फुलाची पारख करावी, हेच काहींना सोसवत नव्हते. फूल सरदाराच्या बागेत असेपर्यंत ती अभिरुची होती. खानावळीच्या परसात उतरल्यावर तोच रोग ठरला.

दोन शतकांनी, १८४१ मध्ये, चार्ल्स मॅके या स्कॉटिश पत्रकाराने जनसमूहांच्या भ्रमांवरील आपल्या पुस्तकात हा उपहास इतिहास म्हणून सांगितला. कांदा समजून महागडा कंद हेरिंग माशाबरोबर खाऊन टाकणारा खलाशी जगभर गेला तो प्रामुख्याने त्याच्याच पुस्तकातून. आज जो तो मॅकेच उद्धृत करतो. करारपत्रे वाचण्याचे कष्ट कोण घेणार? प्रहसनातील पात्रांना साक्षीदार मानून एका वर्गाला दोषी ठरवणे, हा इतिहासलेखनातील लहानसहान प्रमाद नाही.

गंमत अशी की, मॅके लेखणी चालवत होता त्याच काळात त्याच्याच बेटावर या आरोपाचे उत्तर मातीत वाढत होते. उत्तर इंग्लंडच्या यॉर्कशायर आणि लँकेशायर भागांत विणकर, चांभार, खाणकामगार आपल्या चिमुकल्या बागांत फुटलेले ट्यूलिप जोपासत होते. त्यांना ‘फ्लोरिस्ट’ म्हणत. फुले विकणारा हा आजचा अर्थ तेव्हा नव्हता. स्पर्धेसाठी हौसेने फुले वाढवणारा तो फ्लोरिस्ट. गुत्त्यांत प्रदर्शने भरत आणि बक्षीस म्हणून तांब्याची किटली मिळे. फुलांचे तीन वर्ग होते. पांढऱ्यावर तांबडा किंवा गुलाबी तो रोझ, पांढऱ्यावर जांभळा तो बायब्लोमन, पिवळ्यावर तांबडा वा तपकिरी तो बिझार. पाकळीवरील ज्वाळ कोठवर चढावी, पिसाची रेघ किती बारीक असावी, यावर तासन् तास वाद चालत. डर्बीच्या टॉम स्टोरर या इंजिनचालकाने रेल्वेमार्गाच्या उतारांवर ट्यूलिप लावले. त्याने निर्माण केलेला ‘सॅम बार्लो’ हा वाण अजूनही लावला जातो.

लंडनच्या धनिकांची हौस तोपर्यंत दुसऱ्या फुलांकडे वळली होती. पुढे या फुटलेल्या ट्यूलिपांना व्यापारातूनही हद्दपार व्हावे लागले. विषाणू असलेला कंद शेजारच्या निरोगी कंदांना आणि लिलींना धोका ठरतो, म्हणून मोठ्या डच शेतांत असा कंद दिसला की उपटून नष्ट करतात. आज पाकिटावर ‘रेम्ब्रांट’ असे नाव लिहून विकले जाणारे पट्टेदार ट्यूलिप निरोगी असतात. त्यांच्या रेघा आनुवंशिक असतात, विषाणूच्या नव्हेत. ज्या फुलांनी हॉलंडला भुरळ घातली, त्या जातीचे फूल रोपवाटिकेत सहसा मिळत नाही.

व्यापाराने आपले काम केले, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण जतनाचे श्रेय कोणाला द्यायचे, हा प्रश्न उरतो. हॉलंडमधील लिमेन गावी शाळेचे मुख्याध्यापक पीटर बोशमन यांनी १९२४ मध्ये स्वतःच्या बागेत जुने वाण गोळा करण्यास आरंभ केला. त्यातून १९२८ मध्ये ‘हॉर्टस बुल्बोरम’ हा संग्रह उभा राहिला. आज तेथे दरवर्षी हजारो वाण लावले जातात आणि त्यांत १६२० चा ‘झोमरशून’ हा फुटलेला ट्यूलिपही आहे. चार शतके त्याचा कंद दर उन्हाळ्यात कोणीतरी उपटला, वाळवला, जपून ठेवला आणि थंडीपूर्वी पुन्हा पुरला. एकाही पिढीने आळस केला असता, तरी तो वाण संपला असता. इस्तंबूलच्या बागांतील सुईसारख्या टोकदार पाकळ्यांचे ट्यूलिप असेच संपले. त्यांच्या सूची आणि चित्रे उरली, कंद उरले नाहीत.

इंग्लंडमध्ये फ्लोरिस्टांच्या बहुतेक ट्यूलिप संस्था एकेक करून बंद पडल्या. १८३६ पासूनची परंपरा सांगणारी वेकफिल्डची संस्था टिकली. तिचे सदस्य कंद एकमेकांना वाटतात, सदोष फूल निष्ठुरपणे बाजूला काढतात आणि दर मे महिन्यात प्रदर्शन भरवतात. तेथे फुलदाण्या नसतात. ज्या ज्वाळांच्या फुलांसाठी एके काळी हजारो गिल्डरांचे सौदे झाले, तशी फुले बिअरच्या तपकिरी बाटल्यांत एकेक खोचून ओळीने मांडलेली असतात.